गालाच्या पेशी, स्लाइड सतरा

जीवशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आलेली मुलं मायक्रोस्कोपमध्ये पहिल्यांदा काय बघतात, ते मामांना विचारावं. पेशी तर ती बघतच नाहीत. निम्मी मुलं स्वतःच्या पापणीचे केस बघतात आणि उरलेली निम्मी हवेचा बुडबुडा. बुडबुडा दिसायला फार देखणा असतो, हीच तर पंचाईत आहे. वाटोळा गरगरीत, काळीभोर कड, मधे लख्ख उजेड. खरी पेशी बिचारी वेडीवाकडी, फिकट, कडेला दुमडलेली, कुणी चुरगळून टाकलेल्या कागदासारखी. मग मुलं मोठ्या आनंदानं बुडबुडा काढतात, त्याला पट्टीनं सरळ रेघा ओढून ‘पेशीपटल’, ‘केंद्रक’ अशी नावं देतात आणि जर्नल घेऊन सहीसाठी धावतात.

एकतीस वर्षं मामा हे बघत आले होते. ते प्रयोगशाळेतले परिचर. मुलं त्यांना मामा म्हणत, शिक्षक मामा म्हणत, प्राचार्यही मामाच म्हणत, आणि प्राचार्य मामांपेक्षा चार वर्षांनी मोठे होते. पहिल्या प्रॅक्टिकलला मामा बाकांमधून फिरायचे आणि एकेका मायक्रोस्कोपवर वाकून सांगायचे, “ही पेशी नाही, बाळा. ही हवा आहे. खोड ते.” मग कव्हरस्लिप कशी ठेवायची ते दाखवायचे. वरची ती पातळ काच सपाट टाकायची नाही. एक कड आधी टेकवायची आणि सुईच्या आधारानं दुसरी हळूहळू खाली आणायची, झोपलेल्या लेकरावर पांघरूण घालतात तशी. सपाट टाकली की हवा आत कोंडलीच म्हणून समजा.

ही उपमा देताना दरवर्षी मामांचा आवाज जरा घसरायचा. कुणाच्या लक्षात यायचं नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांना स्वतःपलीकडे फारसं काही दिसत नसतं, आणि त्यात त्यांचा दोषही नसतो.

कपाटात लाकडी पेट्या होत्या, प्रत्येक पेटीत पंचवीस खाचा, प्रत्येक खाचेत एक कायमची स्लाइड. पहिल्या पेटीतली सतरावी स्लाइड मामांच्या मुलीची होती. म्हणजे त्या काचेवर तिच्या गालाच्या आतल्या पेशी होत्या. ही गोष्ट कॉलेजात मामा सोडून कुणालाही ठाऊक नव्हती.

बावीस वर्षांपूर्वी एका सुटीच्या दिवशी मामा सात वर्षांच्या लेकीला बरोबर घेऊन आले होते. नव्या स्लाइड करून ठेवायच्या होत्या, आणि घरी ती आईचं डोकं खात होती. तिला सगळे खारूताई म्हणायचे. घास गिळायचा सोडून ही पोरगी तो गालात धरून बसायची, अर्धा अर्धा तास, एक गाल टम्म फुगलेला. “गिळ की गं बाई!” हे तिच्या आईचं दिवसातून वीस वेळा चालायचं. त्या दिवशी मामा चेष्टेनं म्हणाले, “बघू तरी या गालात काय काय साठवलंयस ते,” आणि काडीनं तिच्या गालाच्या आतून हलकेच खरवडलं. मग तिला सगळं स्वतःच करायचं होतं. काचेवर पसरणं तिचं, निळ्या रंगाचे थेंब तिचे, पाण्याखाली धुणं तिचं. काच वाळल्यावर मामांनी वरची काच चिकटवायच्या बाल्समचा थेंब टाकला आणि कव्हरस्लिप उचलली.

“मी ठेवणार,” ती म्हणाली.

तिनं ती सपाट टाकली. आत हवा राहिली, एका कडेला. मामांना अजून चोवीस काचा करायच्या होत्या, ते काहीतरी बोलले. पण काच त्यांनी टाकून दिली नाही, कारण बाकीच्या पेशी फार सुंदर रंगल्या होत्या, एकीवर एक न चढता, आरामात पसरलेल्या. लेबलवर तिनं वाकड्या अक्षरात ‘मी’ असं लिहिलं. त्याखाली मामांनी लिहिलं, ‘गालाच्या पेशी, १७’.

सात महिन्यांनी तिला ताप आला. डोक्यात गेला, असं दवाखान्यात म्हणाले. चौथ्या दिवशी ती गेली.

नवीन वर्षाची मुलं आली तेव्हा मामांनी सतरा नंबरची स्लाइड काढली आणि एक नंबरच्या मायक्रोस्कोपवर लावली, सगळ्यांनी रांगेनं येऊन बघायचं त्या. बुडबुडा त्यांनी सवयीनं नजरेच्या बाहेर सारला. चाळीस मुलं आली, एक डोळा मिटून वाकली, ‘अय्या’, ‘भारी’ म्हणून गेली. मामांना त्या दिवशी किती दिवसांनी बरं वाटलं. लेक कुठेतरी आहे, कुणीतरी तिला बघून खूश होतंय, असं काहीतरी वेड्यासारखं. घरी जाऊन त्यांनी बायकोला ते सांगितलं. तिलाही बरं वाटेल असं त्यांना वाटलं होतं.

ती पांढरीफटक पडली. “चाळीस पोरं माझ्या मुलीला वाकून वाकून बघून गेली, आणि तुम्ही हे मला कौतुकानं सांगताय? त्या काचेचं नाव पुन्हा माझ्यापुढे काढायचं नाही.”

मामांनी कानाला खडा लावला. एकवीस वर्षं त्यांनी त्या काचेबद्दल चकार शब्द काढला नाही. संसार झाला, चांगलाच झाला. भांडणं झाली, आजारपणं झाली, घराला दोनदा रंग लावून झाला. फक्त ती एक गोष्ट दोघांच्या मधे तशीच पडून राहिली, आणि दोघंही तिला वळसा घालून चालायला शिकले.

रंग मात्र कुणासाठी थांबत नाही. निळा हा मुळातच पळपुटा रंग. आधी पेशींच्या कडा गेल्या, मग मधला केंद्रकाचा ठिपका फिकटला. मामा दरवर्षी उजेड थोडा कमी करायचे, भिंग खालीवर करून बघायचे. चार वर्षांपूर्वी त्यांनी अर्धा तास शोधलं आणि काहीही सापडलं नाही. नुसता पिवळसर उजेड. स्लाइड पुन्हा रंगवता येते. झायलीनमध्ये ठेवली की बाल्सम विरघळतं, वरची काच सुटते, मग रंग द्यायचा. पण त्यात पेशी वाहून जाण्याची भीती असते. दोनदा त्यांनी झायलीनची बाटली हातात घेतली आणि दोनदा जागेवर ठेवली. तेव्हापासून मुलांना दाखवायला ते स्वतःच्या गालाच्या पेशींची ताजी स्लाइड करायचे. सतरा नंबरची आपली खाचेत बसून असायची.

या वर्षी मामा निवृत्त होणार होते, महिनाअखेरीस. आणि या वर्षीच नव्या मॅडम आल्या होत्या. वयानं लहान, कामाला वाघ, बोलायला सरळ. आल्या आल्या त्यांनी पेट्या उघडून बघितल्या आणि कपाळाला हात लावला. “मामा, हे संग्रहालय आहे की प्रयोगशाळा? ज्या फिकट झाल्यात त्या काढा, ज्यांत बुडबुडे आहेत त्या काढा. साबणाच्या पाण्यात घाला, काचा परत वापरू. शुक्रवारच्या पहिल्या प्रॅक्टिकलनंतर मी पेट्या तपासणार आहे.”

यात मॅडमचं काही चुकलं नव्हतं. मामांनीच त्यांच्या जागी वेगळं काय केलं असतं? सत्तरेक स्लाइड त्यांनी बरणीत घातल्या. सतरा नंबरच्या माथी दोन्ही गुन्हे होते. तिच्यापाशी आले की त्यांचा हात पुढच्या खाचेकडे जायचा.

आणि त्याच आठवड्यात, सकाळी भाजी निवडता निवडता, बायकोनं मान वर न करता विचारलं, “ती काच अजून आहे?”

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. “आहे.”

“मला बघायचीय.” तिनं एक देठ मोडला. “तुम्ही तिथून निघालात की मला आत कोण सोडणार? आणि माझे डोळे तरी अजून किती दिवस.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. अगं, त्या काचेवर आता काही नाही, असं एक वाक्य. पण जी बाई हा प्रश्न विचारायला एकवीस वर्षं घेते, तिला हे एका घोटात कसं सांगणार? मामांच्या तोंडून निघालं, “शुक्रवारी ये. पहिलं प्रॅक्टिकल आहे. मॅडमना सांगतो.”

मॅडमना त्यांनी अर्धंच सांगितलं, की बायको एकदा प्रयोगशाळा बघायला यायचं म्हणतेय. मॅडम हसल्या. “अहो, मग येऊ देत ना! एक नंबरच्या बाकावर बसवा. एकतीस वर्षं तुम्ही इथे काय केलंत ते त्यांनी बघायलाच हवं.”

शुक्रवारी मामा तासभर आधी आले. शर्टाच्या खिशात त्यांनी दोन काचा ठेवल्या होत्या, कागदाच्या दोन पुड्यांत. एक सतरा नंबरची. दुसरी आदल्या दिवशी केलेली, स्वतःच्या गालाची. तिच्यात पेशी अशा ठसठशीत निळ्या उठल्या होत्या की आंधळ्यालाही दिसाव्यात. बापाच्याच तर पेशी आहेत, मामा स्वतःला समजावत होते. लेकीत अर्धा बापच असतो, हे याच खोलीत शिकवतात. बायको बघेल, रडेल, मोकळी होईल. कुणाचं काय वाईट होणार आहे? त्यांनी आपली स्लाइड एक नंबरच्या मायक्रोस्कोपवर लावली, नीट दिसेपर्यंत भिंग फिरवलं आणि दिवा चालू ठेवला.

ती आली ती ठेवणीतले कपडे घालून. मुलांमध्ये अंग चोरून बसली. शेजारच्या मुलीनं सरकून जागा दिली आणि विचारलं, “काकू, तुम्ही पण पहिल्या वर्षाला?” ती म्हणाली, “हो गं, उशीरच झाला जरा.” दोघी हसल्या. मामांना तिचं ते हसणं लांबून दिसलं आणि त्यांनी खिशातली पुडी चाचपली.

मॅडमनी सुरुवात केली. गालाच्या आतलं अस्तर, त्याचे थर, काडी किती हलक्या हातानं फिरवायची. “आणि या वरच्या पेशी सतत झडत असतात,” त्या म्हणाल्या. “जुन्या जातात, खालून नव्या येतात. आज तुमच्या गालात वर असलेली एकही पेशी पुढच्या महिन्यात तुमची राहिलेली नसेल. त्यामुळे खरवडताना घाबरू नका, त्या तशाही जाणारच आहेत.”

मुलं हसली. मामांच्या बायकोनं हात उचलून स्वतःच्या गालावर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

काम सुरू झालं. मामा तिच्यापाशी आले. तिनं चष्मा पुसला, परत घातला, परत काढला.

“थांबा जरा,” ती हळूच म्हणाली. “छाती धडधडतेय नुसती.” मग मायक्रोस्कोपकडे बघून तिनं विचारलं, “हीच ना ती?”

हो म्हणायला काय लागतं? एक अक्षर आहे. मामांनी तोंड उघडलं. समोर ती शाळेतल्या मुलीसारखी हात मांडीवर ठेवून बसली होती, त्यांच्या शब्दावर सगळा जीव टाकून. एकतीस वर्षं त्यांनी दरवर्षी नव्या मुलांना सांगितलं होतं की जे दिसतंय तेच काढा, पुस्तकात आहे म्हणून काढू नका.

“नाही,” ते म्हणाले. “दुसरीच लागलीय. थांब.”

त्यांनी आपली काच काढली आणि सतरा नंबरची चिमट्यांत बसवली. लेबलवरचा ‘मी’ तिला दिसला. तिनं त्यावरून बोट फिरवलं, एकदाच.

“अगं, बघायच्या आधी तुला एक सांगायचं राहिलंय,” मामा म्हणाले. “त्याचं असं झालं, की रंग—”

“मामा!” मागच्या बाकावरून एका मुलीनं आरोळी ठोकली. “मामा, लवकर या, मला पेशी दिसली! केवढी मोठी!”

एकतीस वर्षांची सवय, पाय आपोआप वळले. मामा गेले, वाकले, बघितलं. वाटोळं गरगरीत, काळी कड. “ही पेशी नाही, बाळा. ही हवा आहे. खोड ते.” मुलीचा चेहरा पडला. कव्हरस्लिप कशी ठेवायची ते त्यांनी तिला दाखवलं, या खेपेला पांघरुणाचा उल्लेख न करता.

ते परत आले तेव्हा बायको मायक्रोस्कोपवर वाकलेली होती. पहिल्यांदा बघणारा माणूस करतो तेच तिनं केलं होतं. काही दिसेना म्हणून बोटानं काच ढकलली होती, पार एका कडेला. आणि आता ती अजिबात हलत नव्हती.

“दिसली,” ती म्हणाली.

मामा उभ्या जागी थिजले.

“केवढीशी आहे हो. आणि किती गोल.” तिचा आवाज कापत होता. “कड जाड आहे, आणि मधे नुसता उजेड. तुम्ही मला कधी सांगितलंच नाहीत, इतकी छान दिसते म्हणून.”

शेजारच्या मुलीनं डोकावून बघितलं. ती हुशार होती, मघाचं मामांचं बोलणं तिनं ऐकलं होतं. “मामा, पण हा तर बु—” मामांनी तिच्याकडे बघून मान हलवली. ती आपल्या जर्नलमध्ये डोकं घालून बसली.

“बघू,” मामा म्हणाले.

त्यांनी डोळा लावला. बावीस वर्षांत त्यांनी हा बुडबुडा धड कधी बघितला नव्हता. दरवेळी काच लावली की पहिलं काम त्याला नजरेआड सारायचं. पेशी होत्या तोवर पेशी बघितल्या, आणि पेशी गेल्यावर काच कोरी झाली असं समजून पेटी मिटली. हा मात्र जागचा हलला नव्हता. रंगानं पळ काढला, हा होता तसाच, सात वर्षांच्या हातानं सपाट टाकलेल्या काचेखाली. ती तेव्हा अगदी नाक लावून वाकली होती, जीभ दातांत धरून. तिच्या नाकातोंडासमोरची हवा होती ती. काच झायलीनमध्ये घातली असती तर ती हवा त्याच क्षणी निघून गेली असती.

मामा सरळ झाले. डोळे पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

“तुझ्याशी खोटं नाही बोलत,” ते म्हणाले. “ती पेशी नाही. पेशी राहिल्या नाहीत आता. चार वर्षं झाली, रंग उडाला, मला सांगायचा धीर झाला नाही. तू बघतेयस ती हवा आहे. वरची काच ठेवताना आत अडकलेली.”

तिनं चष्मा घातला. आता ही उठून जाईल, असं मामांना वाटलं.

“काच कुणी ठेवली होती?” तिनं विचारलं.

“तिनंच. मी ठेवणार म्हणाली.”

“म्हणजे हीच ती हवा.” तिनं एक लांब श्वास घेतला. “त्या दिवशी घरी आली आणि जेवेना. घास गालात धरून बसली. मी ओरडले, गिळ की गं म्हणून, तर डोळ्यांतून पाणी. म्हणाली, आई, माझ्याकडून बाबांची काच बिघडली. हवा गेली आत. बाबा म्हणाले, बिघडवलीस ना, आता तुला परत आणणार नाही.”

मामांना आठवलं. बावीस वर्षं ज्या जागी नुसतं ‘काहीतरी बोललो’ असं होतं, तिथे आता ते शब्द अख्खे उभे राहिले. ते बोलले होते. चोवीस काचा राहिल्या होत्या म्हणून बोलले होते. आणि पुढच्या सात महिन्यांत त्यांनी तिला खरोखरच कधी आणलं नव्हतं. मुद्दाम नाही. वेळ झाला नाही, एवढंच.

“मी विसरूनच गेलो गं.”

“मला माहीत होतं तुम्ही विसरलात म्हणून. म्हणून तर त्या काचेचं नाव काढू देत नव्हते. माझ्या तोंडातून ते एकदा निघालं असतं तर तुम्ही जन्मभर स्वतःला खात बसला असतात.” तिनं त्यांच्या बाहीला हात लावला. “मी तिला म्हटलं होतं, बिघडली नसेल गं, मी विचारते बाबांना. आणि विचारायचं राहूनच गेलं. रोजच्या धबडग्यात कुणाला आठवतंय. मग ती आजारीच पडली.”

मॅडम सह्या करत करत दोन बाकांवर आल्या होत्या. साबणाच्या पाण्याची बरणी खिडकीत उभी होती. मामांना त्यातलं काही दिसत नव्हतं.

“मग आज विचारते,” ती म्हणाली. “तिच्याकडून विचारते. बिघडली होती का हो काच?”

मामा पुन्हा वाकले. डोळ्यांतल्या पाण्यानं काळी कड विरघळल्यासारखी झाली, तरी मधला उजेड दिसत होता.

“नाही,” ते मायक्रोस्कोपवर वाकूनच म्हणाले. “नाही गं, खारूताई. काही बिघडलं नव्हतं.”

मागच्या बाकावरून कुणीतरी हाका मारत होतं, मामा, ओ मामा, इकडे या ना. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच मामा गेले नाहीत.